जुन्या रेडिओत लाल पारा नसतो. मग असतं तरी काय?

तो व्हिडिओ तुमच्या मोबाईलवरही कधीतरी येऊन गेला असेल. एक माणूस व्हॉल्व्हचा जुना रेडिओ उघडतो. आतून काचेची एक नळी उपसतो आणि सांगतो, यात ‘लाल पारा’ आहे. मग खेळ सुरू होतो. लसणाची पाकळी जवळ नेली की पारा लांब पळतो, सोनं जवळ आणलं की त्याला चिकटतो, आरशात त्याचं प्रतिबिंबच पडत नाही. शेवटी एक मोबाईल नंबर आणि लाखांची बोली.

लगेच घरचा माळा आठवतो. आजोबांचा रेडिओ होता की! कुठे ठेवलाय तो?

त्या नंबरवर फोन लावण्याआधी एवढं वाचा. लाल पारा नावाचा असा जादूई पदार्थ जगात नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही हे स्पष्ट सांगितलेलं आहे. अफवा मात्र जुनी आणि फिरस्ती आहे. २००९ साली ती सौदी अरेबियात पोचली, तेव्हा तिथे सिंगरच्या जुन्या शिलाई मशिनांना वाटेल ते भाव आले होते. कारण काय, तर म्हणे सुईत लाल पारा आहे. आपल्याकडे तिने रेडिओ आणि जुने टीव्ही धरले. पाऱ्याचं खरंखुरं लाल संयुग हवंच असेल तर ते म्हणजे हिंगूळ. आयुर्वेदाला तो शतकानुशतकं माहीत आहे आणि लसणाला तो अजिबात घाबरत नाही. समोरचा माणूस ‘तपासणी फी’ किंवा ‘नोंदणी फी’ आधी मागत असेल तर तो रेडिओ विकत घ्यायला आलेला नाही, एवढं समजून जा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

मग त्या काचेच्या नळीत चमकतं ते काय? तो बेरियम धातूचा पातळ थर असतो. व्हॉल्व्ह तयार करताना आतली हवा काढून घेतात, तरी थोडे वायू उरतातच. ते शोषून घेण्यासाठी आत थोडंसं बेरियम जाळतात आणि त्याचा थर काचेवर आतून बसतो. त्याला ‘गेटर’ म्हणतात. हा थर चंदेरी किंवा काळपट आरशासारखा दिसत असेल तर व्हॉल्व्हमधली निर्वात स्थिती शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली, व्हॉल्व्ह संपला. म्हणजे ज्या चकाकीला लोक लाल पारा समजून नळ्या फोडतात, ती चकाकी नळी जिवंत असल्याची खूण आहे!

आणि खरं दुःख इथे आहे. पाऱ्याच्या नादात जे संच फोडले जातात ते सगळेच काही दिवाणखान्यातले मर्फी-फिलिप्स नसतात. अधूनमधून भंगारात राखाडी किंवा काळ्या पत्र्याचा, दोन माणसांनी उचलावा लागेल असा एक ठोकळा येतो. लाकडी खोका नाही, कापडी जाळी नाही, स्पीकरसुद्धा नाही. पुढे नुसत्या गुंड्या आणि एक मोठी डायल. घेणाऱ्याला तो रेडिओ वाटतच नाही, म्हणून तो तांब्या-ॲल्युमिनियमच्या वजनावर जातो.

हा ठोकळा म्हणजे कम्युनिकेशन्स रिसीव्हर. जगभर लोक याच्यासाठी जीव टाकतात. आणि तो आपल्या भागात सापडण्याला कारण आहे.

खडकीतून बोलायचं, दौंडमध्ये ऐकायचं

मी राहतो बेगडेवाडीला. पुणे-लोणावळा लोकलचं छोटं स्टेशन, एका बाजूला देहूरोड, दुसऱ्या बाजूला घोरावाडी. पुण्याकडची लोकल पकडली की थोड्या वेळात खडकी येतं. मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या डब्याला आता कल्पनाही नसते, पण भारताचं परदेशाशी बिनतारी बोलणं याच रूळमार्गाच्या आसपास सुरू झालं.

१९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ बिनतारी तारसेवा सुरू झाली. त्याआधी परदेशी तार जायची ती समुद्रातल्या केबलमधून. आता ती आकाशातून जाऊ लागली. संदेश पाठवायचं केंद्र होतं खडकीजवळ, दिघीच्या बाजूला. संदेश घेण्याचं केंद्र मात्र थेट दौंडला. पुण्यापासून रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर लांब. त्याच वर्षी २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्रही सुरू झालं. म्हणजे भारतातलं रेडिओ प्रसारण आणि परदेशी बिनतारी तार ही दोघं एकाच वर्षाची भावंडं. पुढे १९३३ मध्ये इंग्लंडशी रेडिओ टेलिफोन आला. १९४७ मध्ये सरकारने ही परदेशी सेवा ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस केली आणि १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम झाली.

प्रश्न असा की बोलायला खडकी आणि ऐकायला दौंड कशाला? दोन्ही यंत्रं एकाच आवारात ठेवली असती तर खर्च नसता का वाचला?

लग्नात लाऊडस्पीकरच्या खाली उभं राहून फोनवर बोलून बघा, उत्तर मिळेल. प्रेषकाची ताकद किलोवॉटमध्ये मोजायची. हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या संदेशाने तारेत उठणारा विद्युतदाब मात्र व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागतो. शेजारी प्रेषक गर्जत असेल तर तो बारीक आवाज ऐकू येणारच नाही. म्हणून ऐकणाऱ्याला लांब, शांत जागी नेलं. ऐकणं हे बोलण्याइतकंच, किंबहुना जास्तच अवघड काम आहे. त्या कामासाठी बनवलेलं यंत्र म्हणजे कम्युनिकेशन्स रिसीव्हर.

दुसरं कारण लष्कर. देहूरोड, खडकी, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी हा सगळा पट्टाच लष्करी. दुसरं महायुद्ध संपलं आणि ब्रिटिश-अमेरिकन फौजा परत जायला लागल्या तेव्हा त्यांचा अवाढव्य साठा मागे राहिला. सरकारने तो लिलावात काढला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द आपल्या बाजारात तेव्हा रुळला, अजूनही आहे. जीपपासून टॉर्चपर्यंत काय वाटेल ते त्यात होतं आणि वायरलेस सेटही होते. त्यातले काही कॉलेजांच्या प्रयोगशाळांत गेले, काही हौशी लोकांच्या घरी, बाकीचे पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात.

घरचा रेडिओ आणि हा, फरक काय?

थोडं तंत्र समजून घेऊ, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

जवळपास सगळे व्हॉल्व्हचे रेडिओ ‘सुपरहेटरोडाइन’ पद्धतीवर चालतात. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ती शोधली. कल्पना अशी की आकाशातून येणारी स्टेशनं शेकडो वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर असतात. प्रत्येकीसाठी वेगळी चाळण कशी बनवणार? त्यापेक्षा हवं ते स्टेशन आधी एका ठरलेल्या कंपनसंख्येवर आणायचं आणि चाळण तिथे एकदाच नीट बनवून ठेवायची. लोकल लोणावळ्याहून येवो की पुण्याहून, सगळ्या गाड्या एकाच फलाटावर घ्यायच्या. मग तिकीट तपासनीस एक असला तरी भागतं.

हा फलाट बहुतेक संचांत ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. समजा तुम्हाला ७१०० किलोहर्ट्झ ऐकायचंय. रेडिओ आतल्या आत ७५५५ ची एक लहर तयार करतो. दोन्ही मिसळल्या की फरक येतो ४५५. झालं काम.

पण इथे एक चोर शिरतो. ८०१० किलोहर्ट्झवर एखादं दांडगं स्टेशन असेल तर? ८०१० वजा ७५५५, तेही ४५५! म्हणजे नको असलेली गाडी त्याच फलाटावर येऊन थांबते. याला ‘इमेज’ म्हणतात. घरच्या साध्या रेडिओवर शॉर्टवेव्हला एकच स्टेशन दोन ठिकाणी लागायचं, ते बऱ्याचदा यामुळेच. घरात त्याने काही बिघडत नव्हतं. गाणी ऐकू आल्याशी मतलब. पण बुडत्या जहाजाचा संदेश ऐकणाऱ्याचं असं कसं चालेल?

म्हणून कम्युनिकेशन्स रिसीव्हरमध्ये फलाटाच्या आधीच फाटकं बसवलेली असतात. दोन-दोन प्राथमिक टप्पे, प्रत्येक टप्पा हव्या त्या स्टेशनवर नेमका जुळणारा. फलाटावरही स्फटिकाची चाळणी, जिची रुंदी गुंडीने कमी-जास्त करता येते. मोर्स ऐकायची असेल तर आणखी एक छोटा दोलक, बीएफओ. त्याच्याशिवाय मोर्सची नुसती फुसफूस येते, तो लावला की शीळ ऐकू येते. आणि डायल? ती सुईच्या टोकाइतकी हलवता येईल अशी दात्यांची. हात सोडला तर जिथे ठेवली तिथेच राहणारी.

यातली काही नावं दंतकथा झाली आहेत. अमेरिकेच्या नॅशनल कंपनीचा एचआरओ १९३० च्या दशकातला. त्याला बँड बदलायचा स्विचच नाही. पुढचा कप्पा ड्रॉवरसारखा ओढून काढायचा आणि दुसऱ्या बँडचा घालायचा. युद्धात जर्मन संदेश ऐकणाऱ्या ब्रिटिश केंद्रांवर हे संच रात्रंदिवस चालत होते. ब्लेचली पार्कच्या गणितज्ञांची कीर्ती सर्वांना माहीत असते, पण त्यांना उकलायला जो मजकूर मिळायचा तो अशाच एखाद्या संचापुढे कानाला हेडफोन लावून कुणीतरी अक्षर अक्षर टिपलेला असायचा. आरसीएचा एआर-८८ त्याहून दणकट, चौदा व्हॉल्व्हचा आणि सुमारे ४५ किलो वजनाचा. तो विकत घेणाऱ्यांची पाठ पहिल्या दिवशीच कळवळते. ब्रिटनच्या रॅकल कंपनीचा आरए-१७ हा १९५० च्या दशकातला. ट्रेव्हर वॅडली या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याची करामत त्यात आहे. पूर्ण शॉर्टवेव्ह एकेका मेगाहर्ट्झच्या तुकड्यांत विभागलेली आणि डायलवरचा आकडा बघून स्टेशन हमखास लागतं. आज यात विशेष वाटणार नाही, पण व्हॉल्व्हच्या जमान्यात हे अचाट होतं.

आपणही मागे नव्हतो. १९५४ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९५६ पासून दळणवळणाची उपकरणं बनवायला घेतली आणि १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्हही. माझं स्पष्ट मत आहे की भंगारात ‘बेल’चं नाव असलेला संच दिसला तर तो अमेरिकी संचाच्या आधी वाचवावा. एचआरओ जपणारे जगात हजारो आहेत. आपले कोण जपणार?

आता थोडं विषयांतर, पण राहवत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ सुरू झाल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. त्यांची घोषणा असायची ४२.३४ मीटरवर. प्रकाशाच्या वेगाला त्या आकड्याने भागा. उत्तर येतं जवळपास ७.०८ मेगाहर्ट्झ. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आज हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा आहे. उषाताईंचा आवाज जिथून यायचा नेमकी ती जागा तुमच्या डायलवर आजही आहे, आणि एखादा चांगला संच असेल तर तिथे कान लावता येतो.

सापडला. आता प्लग लावू नका

बहुतेक संच पाऱ्याने मरत नाहीत, उत्साहाने मरतात. घरी आणला, फडक्याने पुसला, “बघू तरी चालतो का” म्हणत बटण दाबलं. दोन मिनिटं गुंजारव, मग जळका वास.

का, ते सांगतो. या संचांत मेणकागदाचे कंडेन्सर असतात. कंडेन्सरचं काम एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात आवाजाचा संदेश जाऊ देणं आणि स्थिर दाब अडवून धरणं. सत्तर वर्षांत त्या कागदाने दमट हवा पिऊन घेतलेली असते. आणि आपला मावळ म्हणजे काय विचारता! लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, कंडेन्सर काय कोरडे राहणार? तो गळका कंडेन्सर शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब पोचवतो. व्हॉल्व्ह हावरटासारखा करंट ओढतो, तापून लाल होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातो. दहा-वीस रुपयांच्या भागापायी सहज न मिळणारी गोष्ट जळून जाते.

त्यामुळे पहिलं काम डोळ्यांचं. पत्रा उघडा. उंदरांनी काय खाल्लंय बघा. त्यांना वायरचं आवरण फार आवडतं. जुन्या ब्रिटिश संचांत रबराचं आवरण असेल तर ते हात लावताच बिस्किटासारखं तुटतं, आणि तुटलं की आतली उघडी तार पत्र्याला टेकते. गेटर तपासा, कुठला व्हॉल्व्ह पांढरा पडलाय ते लिहून ठेवा. काहीही काढण्याआधी मोबाईलने भरपूर फोटो काढा. या छंदात मोबाईलचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

मग मागची पाटी वाचा. अमेरिकी संच ११० ते १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० वर लावला तर संपला. एआर-८८ सारख्या संचात मागे व्होल्टेज निवडायची सोय असते, पण ती शेवटी कुणी कुठे ठेवली हे तुम्हाला माहीत नाही. तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी संच. त्यांत घरातल्या विजेची एक तार थेट चेसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खा पत्रा जिवंत. हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ हा छोटा लोकप्रिय संच याच जातीचा. गुंडीचं प्लास्टिक निघालेलं असेल आणि तुम्ही आतला लोखंडी दांडा धरलात, तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या संचातही आत अडीचशे व्होल्ट आणि वर फिरत असतात. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर तो दाब धरून ठेवतात. म्हणून आत हात घालण्याआधी रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे आणि मल्टिमीटरने खात्री करायची. अंगठी काढायची. चालू संचात मोजमाप घेताना एक हात खिशात, म्हणजे झटका छातीतून आरपार जाणार नाही. घरात एकटे असताना हे काम करायचंच नाही. वीज तुमच्या हातची नसेल तर जुन्या रेडिओ मेकॅनिकला सोबत घ्या. तालुक्याच्या गावात असे काका अजून आहेत. दुकानात आता रिमोट आणि मिक्सर दुरुस्त करतात, पण व्हॉल्व्ह दाखवला की त्यांचा चेहरा बघा.

अजून एक. काही लष्करी संचांच्या डायलवर अंधारात चमकणारा रंग असतो आणि त्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. तो रंग खरवडू नका, त्याला पॉलिश पेपर लावू नका, काच उघडू नका. काचेआड आहे तोवर राहू द्या.

एवढं झाल्यावर कंडेन्सर बदलायला घ्या. कागदाचे सगळे, न तपासता. गोल डब्यातले इलेक्ट्रोलिटिकही. अभ्रकाचे शक्यतो तसेच राहू द्या, ते टिकतात. इथे शौकिनांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो मूळ भाग काढला की संचाची किंमत गेली. दुसरा म्हणतो न चालणारा संच म्हणजे पत्र्याचा डबा. मला मधला मार्ग पटतो. जुन्या कंडेन्सरचं पोट रिकामं करून नवा त्याच्या आत बसवायचा. वरून सगळं १९४३ सालचं, आतून आजचं. वेळ लागतो, पण घाई असणाऱ्याने हा छंद घ्यावाच कशाला?

बँड स्विचचे संपर्क साफ करायला मऊ ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. पॉलिश पेपर नको, वरचा चांदीचा मुलामा निघून जाईल. आणि आयएफ ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू कृपा करून फिरवू नका. स्क्रू दिसला की पिळायचा ही आपली राष्ट्रीय सवय आहे. कारखान्यात ते स्क्रू सिग्नल जनरेटर लावून बसवलेले असतात. एकदा हलले की तेच यंत्र आणून पुन्हा जुळवावे लागतात, अंदाजाने ते होत नाही.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डमधून. हा प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो. संचाच्या मार्गात शंभर वॉटचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि संच वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. गंमत म्हणजे हल्ली संच मिळतो पण शंभर वॉटचा बल्ब शोधावा लागतो. बल्ब संचाला वाचवतो, तुम्हाला नाही. झटक्याचा धोका तसाच राहतो.

आणायचा कुठून, ठेवायचा कायद्यात

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पूर्ण संच मिळणं आता नशिबाचा भाग, पण व्हॉल्व्ह, मीटर, गुंड्या, हेडफोन मिळून जातात. सरकारी भंगाराचे लिलाव एमएसटीसीमार्फत ऑनलाइन होतात. पण ते टनावारी, घरच्या माणसाच्या कामाचे नाहीत. खरे चांगले संच येतात ते जुन्या हॅम मंडळींच्या घरून. माणूस गेला, मुलं परदेशात, फ्लॅट रिकामा करायचाय, आणि भंगारवाला दारात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर भंगारवाल्याच्या आधी एक फोन जवळच्या हॅम क्लबला करा.

लष्करी पट्ट्यात राहणाऱ्यांना जास्तीचा सल्ला. लष्करी खूण असलेली वस्तू कुणी ‘आतून आणलीय’ म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. कुठून आली, कधीच्या लिलावातली, पावती आहे का, हे विचारा.

प्रसारण ऐकायला आज परवाना लागत नाही. एकेकाळी पोस्टात फी भरून काढावा लागायचा, तो १९८० च्या दशकात बंद झाला. मात्र संचात प्रेषक असेल, म्हणजे त्यातून बोलताही येत असेल, तर गोष्ट बदलते. त्यासाठी परवाना हवाच. हॅम परवान्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. ती अवघड नाही. १९९३ च्या लातूर भूकंपात टेलिफोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते, त्यामुळे परीक्षेची मेहनत अगदीच वाया जाते असंही नाही.

बेगडेवाडीत बसून काय ऐकू येतं?

खरं सांगायचं तर आधी खरखर. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचे अडॅप्टर, सगळे मिळून शॉर्टवेव्हवर गोंधळ घालतात. त्यात आमच्याकडे रेल्वे. वरच्या तारेवर ठिणगी पडली की कानात फटाका. १९२७ मध्ये दौंडला जाऊन जी शांतता शोधली ती आज शोधायची तर घरचा मेन स्विच बंद करून बघावा लागेल. पण मग संच कशावर चालवणार?

उपाय आहेत. दहा-पंधरा मीटरची साधी तार उघड्यावर ताणली की फरक पडतो. संच आणि चार्जर वेगवेगळ्या खोलीत. किंवा चौकटीवर गुंडाळलेली लूप एरियल. ती फिरवून जिकडून खरखर येते तिकडचा कान बंद करता येतो. तार मात्र रेल्वेच्या किंवा महावितरणच्या तारांच्या आसपास कधीही नको. रेल्वेच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि झटका बसायला तिला शिवावंच लागतं असं नाही. एप्रिल-मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की एरियल संचातून काढून बाहेर टाकायची, मग कितीही चांगलं स्टेशन लागलेलं असो.

एवढं सगळं करून मिळतं काय? व्यवहारी उत्तर ऐका. हजार-दोन हजारांत संगणकाला लावायची छोटी एसडीआर कांडी मिळते आणि ती पडद्यावर अख्खा बँड रंगीत करून दाखवते. नुसतं ऐकायचंच असेल तर ती घ्या. शॉर्टवेव्हवर प्रसारकही कमी झालेत, अनेक देशांनी केंद्रं बंद केली. बीबीसी अजून आहे, चिनी केंद्रं तर जिकडे तिकडे आहेत.

पण जुना संच लावण्याची एक रीत आहे. आधी मध्यम लहरीवर ७९२ किलोहर्ट्झ, आपलं आकाशवाणीचं पुणे केंद्र. डायल बरोबर दाखवते का, हे त्यावरून कळतं. व्हॉल्व्हना तापायला वीसेक मिनिटं द्यायची, तोवर डायल थोडी सरकत राहते. मग सकाळच्या वेळी सात मेगाहर्ट्झवर यायचं, काँग्रेस रेडिओच्या त्या जागेजवळ. आधी ऐकू येतो तो बदकांचा कलकलाट. हॅम मंडळी बोलतात ती सिंगल साइडबँड पद्धतीने. तीत मूळ वाहक लहर पाठवतच नाहीत, म्हणून आवाज असा चिरका येतो. आवाजाची गुंडी पूर्ण उघडायची, आरएफची कमी करायची आणि बीएफओ चालू करून त्याची गुंडी केसभर, अगदी केसभर फिरवायची. बदक हळूहळू माणूस होतं. आवाज जाड होत होत जागेवर येतो आणि कुणीतरी आपलं व्हीयू-टूने सुरू होणारं नाव सांगून समोरच्याला विचारत असतं, “तुमच्याकडे पाऊस कसाय?”